पदवीनंतर ब्लॉग लिहायचाय? मोबाईलवरून मराठी ब्लॉग : सुरुवात, हक्क, कमाई आणि बॅकअप

पदवीचा निकाल लागल्यावर पुढचं एक-दोन वर्ष बऱ्याच जणांचं अधांतरी जातं. इस्लामपूरचंच बघा. कुणी अभ्यासिकेत एमपीएससी करतंय, कुणी पुण्याला मुलाखती देऊन परत येतंय, तर कुणी घरचा ऊस बघत जाहिरातींची वाट बघतंय. राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी कॉलेज आहे, शहरात कला-वाणिज्य-विज्ञानाची कॉलेजं आहेत. त्यामुळे दरवर्षी पदवीधरांची नवी बॅच बाहेर पडते. त्यातल्या काहींना मनापासून लिहायचं असतं. हातात मोबाईल असतो, वेळही असतो. पण लिहिलेलं ठेवायचं कुठे, ते आपल्याच नावावर राहील का आणि त्यातून पुढे काही होईल का, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. फक्त मोबाईल वापरून मराठी ब्लॉग कसा काढायचा, त्यावर काय टाकायचं, काय टाकायचं नाही आणि तो हातचा जाऊ नये म्हणून काय करायचं, ते एकेक करून पाहूया.

ब्लॉग म्हणजे नेमकं काय?

ब्लॉग म्हणजे तारखेनुसार नोंदी लिहिण्याची वेबसाईट. सगळ्यात नवी नोंद वर आणि जुन्या खाली. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये आला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. वर्डप्रेसही २००३ चंच. मराठीत ब्लॉगला ‘अनुदिनी’ किंवा ‘जालनिशी’ असेही शब्द वापरले गेले, पण रोजच्या बोलण्यात ‘ब्लॉग’च रुळला.

प्रत्येक नोंदीला स्वतःची लिंक असते, हे लक्षात ठेवा. पुढचे बरेच मुद्दे या लिंकवरच अवलंबून आहेत.

व्हॉट्सॲप, इन्स्टावर लिहितोच की! मग ब्लॉग कशाला?

प्रश्न रास्त आहे. वाचक तिथेच असतात. पण लिखाणाच्या दृष्टीने फरक मोठा आहे:

- व्हॉट्सॲप स्टेटस आणि इन्स्टा स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते.
- इन्स्टाच्या कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. मात्रा, अनुस्वार, स्पेस सगळं त्यात मोजलं जातं. म्हणजे मराठीत साधारण तीनशे शब्द. त्यात कथा बसत नाही.
- व्हॉट्सॲपवर तुमचा मजकूर फॉरवर्ड होत गेला की तिसऱ्या-चौथ्या ग्रुपपर्यंत खालचं नाव गळालेलं असतं. कधी कधी तोच मजकूर भलत्याच प्रसिद्ध लेखकाच्या नावाने तुमच्याकडे परत येतो!
- वर्षभराने कुणी गूगलवर तो विषय शोधला, तर तुमचा फॉरवर्ड सापडणार नाही. ब्लॉगची नोंद सापडू शकते.

म्हणून सोपा नियम असा : लेख ब्लॉगवर टाका आणि त्याची लिंक व्हॉट्सॲप-इन्स्टावर द्या. फॉरवर्ड झाली तरी लिंकच फॉरवर्ड होईल आणि नाव, तारीख जागेवर राहील.

सुरू करण्याआधी ठरवा : काय टाकायचं, काय राखायचं

ही गोष्ट बहुतेक नवोदितांना उशिरा कळते. मराठी मासिकं, दिवाळी अंक आणि कथास्पर्धा सहसा ‘अप्रकाशित’ साहित्य मागतात. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या लेखकाला वाचकांपर्यंत नेणारा हा मोठा रस्ता आहे. तुमची सगळ्यात चांगली कथा ब्लॉगवर गेली, की अनेक संपादकांच्या लेखी ती प्रकाशित झाली. मग ती तिथे पाठवता येत नाही.

म्हणून लिखाणाचे दोन कप्पे करा:

१. ब्लॉगचा कप्पा : अनुभव, गावाबद्दलचे लेख, पुस्तक-सिनेमाबद्दल, प्रवास, माहितीपर लेख, अभ्यासाच्या नोंदी.

२. राखीव कप्पा : कथा, कविता, कादंबरीची प्रकरणं. ज्यांना पुढेमागे अंकात किंवा पुस्तकात जायचंय असं सगळं. हे मोबाईलमधल्या गूगल डॉक्समध्ये ठेवा आणि शेअर करायचं तर फक्त एक-दोन विश्वासू वाचकांना.

प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी कथांना वाचक पटकन मिळतात. पण तिथे टाकलेलंही प्रकाशितच धरलं जाऊ शकतं. अटी वाचल्याशिवाय राखीव कप्प्यातलं काही टाकू नका.

ब्लॉगर की वर्डप्रेस?

मोफत सुरुवात करायला दोन मुख्य पर्याय आहेत.

ब्लॉगर : गूगल खात्यावर चालतं. होस्टिंगचे पैसे नाहीत. पुढे स्वतःचं डोमेन घेतलं तर तेही जोडता येतं. डिझाईन साधं आहे, पण लिहायला पुरेसं.

वर्डप्रेस डॉट कॉम : दिसायला देखणं, सोयी जास्त. पण मोफत प्लॅनमध्ये वर्डप्रेस तुमच्या ब्लॉगवर स्वतःच्या जाहिराती दाखवतं. नावात गोंधळ करू नका. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’ हे सॉफ्टवेअर आहे, त्यासाठी होस्टिंग विकत घ्यावं लागतं.

नोकरी लागेपर्यंत खर्च नको असेल तर ब्लॉगरने सुरू करा. डोमेनचं पहिल्या वर्षाच्या ऑफरमध्ये स्वस्त दिसतं, पण दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर आधी बघा. नूतनीकरण चुकलं तर तो पत्ता दुसरा कुणी घेऊ शकतो. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे डोमेनही मिळतं.

मोबाईलवर ब्लॉग काढण्याच्या पायऱ्या

१. स्वतःचं जीमेल वापरा. कॉलेजने दिलेल्या मेलवर ब्लॉग अजिबात काढू नका. पदवीनंतर ती खाती बंद होऊ शकतात आणि खात्याबरोबर ब्लॉगही हातचा जातो. आधीच तसा काढला असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचं जीमेल लेखक म्हणून जोडा आणि मग त्याला ॲडमिन करा.

२. क्रोममध्ये ब्लॉगर उघडा, लॉगिन करा आणि ब्लॉगचं नाव द्या. नाव मराठीत चालतं. पत्ता मात्र रोमन अक्षरांत द्यावा लागतो. तो छोटा आणि फोनवर सांगता येईल असा ठेवा. जन्मसाल, मोबाईल नंबर त्यात नको.

३. सेटिंग्जमध्ये भाषा ‘मराठी’ करा. टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा निवडा. नाहीतर नोंदींच्या वेळा चुकीच्या दिसतात.

४. लिखाण आधी गूगल डॉक्समध्ये करा. ऑफलाईन सुरू ठेवलं तर लाईट किंवा रेंज गेली तरी मजकूर जात नाही. मग तो ब्लॉगरमध्ये पेस्ट करा आणि ‘फॉरमॅटिंग काढा’ हे बटण दाबा, म्हणजे अक्षरं लहानमोठी दिसत नाहीत.

५. नोंदीची लिंक स्वतः लिहा. मराठी शीर्षकावरून ब्लॉगर नीट लिंक बनवू शकत नाही. ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा, एवढंच येतं. म्हणून पब्लिश करण्याआधी पर्मालिंकमध्ये ‘कस्टम’ निवडून दोन-तीन रोमन शब्द टाका. एकदा पब्लिश केल्यावर लिंक बदलायची तर नोंद परत ड्राफ्टमध्ये न्यावी लागते आणि आधी शेअर केलेली लिंक तुटते.

६. लेबलं द्या, पण मोजकी. ‘पुस्तकं’, ‘गाव’, ‘परीक्षा’ अशी पाच-सहा पुरेत.

७. गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ब्लॉग सर्च इंजिनला दिसतोय ना, ते तपासा. पुढे गूगल सर्च कन्सोल जोडलं की लोक काय शोधून तुमच्याकडे आले, हेही कळतं.

मराठी टायपिंग : या तीन चुका टाळा

आज मोबाईलवर जे मराठी आपण टाइप करतो ते युनिकोड असतं. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखलेला आहे आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. म्हणून इस्लामपुरात लिहिलेलं लंडनमध्येही तसंच दिसतं. डीटीपीच्या दुकानात कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं कॉलेज मॅगझिन कॉपी केलं की कचरा दिसतो, तो याच कारणाने. तो मजकूर युनिकोड नसतो. त्यासाठी फॉन्ट कन्व्हर्टर वापरा आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

पहिली चूक : ‘दुसर्या’. बरोबर रूप ‘दुसऱ्या’. इथे साधा ‘र’ नाही, तर नुक्ता असलेला ‘ऱ’ लागतो. ‘तऱ्हा’, ‘पायऱ्या’, ‘सातारच्या वाऱ्याने’ हे सगळं तसंच.

दुसरी चूक : ‘अॅ’ आणि ‘ॲ’ची सरमिसळ. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण पहिल्यात ‘अ’ला वेगळा चंद्र जोडलेला असतो आणि दुसरं एकच अक्षर आहे. ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. मोबाईलला ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. ‘ॲप’ शोधलं तर ‘अॅप’ सापडेलच असं नाही. म्हणून एकच रूप वापरा, शक्यतो ‘ॲ’.

तिसरी चूक : बोलून टाइप केलेलं तसंच टाकणं. गूगलचं व्हॉइस टायपिंग २०१७ पासून मराठीत आहे. कच्चा मसुदा करायला ते उत्तम आहे. पण विरामचिन्हं, ऱ्हस्व-दीर्घ आणि गावांची नावं हमखास चुकतात. पब्लिश करण्याआधी मोठ्याने वाचून बघा.

जीबोर्डमध्ये मराठीसाठी देवनागरी कीबोर्ड, रोमन अक्षरांतून मराठी आणि बोटाने लिहिणं, असे तिन्ही प्रकार मिळतात. महिनाभर देवनागरी कीबोर्डच वापरलात तर वेग आपोआप येतो.

लिहायचं कशावर? आधी आपला तालुका बघा

‘मोबाईलवरून पैसे कसे कमवावे’ या विषयावर मराठीत शेकडो लेख आहेत. त्यात तुमचा आणखी एक कोण वाचणार? उलट तुम्हाला रोज दिसणाऱ्या गोष्टींवर मराठीत नीट लिहिलेलं फार कमी आहे.

इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचं मुख्य ठिकाण. याच तालुक्यातल्या वाटेगावला १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णाभाऊ साठे जन्मले. शाळा जवळजवळ नव्हतीच, पण याच मुलखातली माणसं त्यांच्या ‘फकिरा’त आली आणि १९५९ सालची ती कादंबरी आजही वाचली जाते. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्रही याच तालुक्यातलं. कृष्णाकाठचं बहे, साखर कारखान्याचा हंगाम, आडसालीची लागण, ऊसतोड टोळ्यांची पालं, २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णा-वारणेचा महापूर असे कितीतरी विषय आहेत. तुमच्या आजीला पूर कुठपर्यंत आला होता हे माहिती आहे, पण ते गूगलला माहिती नाही. ते तुम्ही लिहा.

गावाच्या नावाबद्दल एक तांत्रिक सूचना. नगरपरिषदेच्या नावात ‘उरुण-इस्लामपूर’ असायचं आणि २०२५ मध्ये शासनाने शहराचं नाव ‘ईश्वरपूर’ करण्याचा निर्णय जाहीर केला. लोक मात्र जुनं-नवं दोन्ही टाकून शोधतात. तुमच्या लेखात ओघात दोन्ही नावं एकेकदा आली, तर दोन्ही शोधांत तो सापडण्याची शक्यता वाढते.

एमपीएससी करणाऱ्यांना तर जास्तीचा फायदा आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे आणि त्यात निबंधाचा पेपर आहे. आठवड्याला एक सातशे-आठशे शब्दांचा लेख लिहिणाऱ्याचा हात परीक्षेत अडखळत नाही.

तुमचे हक्क आणि दुसऱ्यांचे

- तुमच्या लेखाचा कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. हवी असेल तर साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. ब्लॉगवरची तारीख आणि डॉक्समधली जुनी आवृत्ती वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येऊ शकते.
- दुसऱ्याची कविता किंवा कथा पूर्ण टाकू नका. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. अण्णाभाऊंचं निधन १९६९ चं, म्हणजे हक्क २०२९ संपेपर्यंत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून खुलं आहे. ‘खाली नाव दिलंय’ म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.
- गूगलवरून फोटो उचलू नका. स्वतःच्या मोबाईलने काढा. पुरवायचाच असेल तर मुक्त परवान्याचा फोटो घ्या आणि श्रेय द्या.
- गावातल्या माणसांबद्दल लिहिताना सांभाळा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. ‘सगळ्या गावाला माहितीये’ हा पुरावा नसतो.

ब्लॉगमधून पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण नोकरीऐवजी ब्लॉग असा हिशेब करू नका.

गूगल ॲडसेन्स मराठी मजकुरावर चालतं. वय १८ पूर्ण हवं. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीसाठी टपालाने पिन येतो. म्हणून पत्ता घरी पत्र नक्की पोहोचेल असा, पिनकोडसह द्या. पैसे बँकेत यायला १०० डॉलर जमावे लागतात. नव्या मराठी ब्लॉगला तिथपर्यंत पोहोचायला खूप वेळ लागू शकतो. कधी कधी तो टप्पा येतही नाही. लवकर व्हावं म्हणून मित्रांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगितलं, तर खातंच बंद होतं.

लेखनातल्या यशाचं आणि पोटापाण्याचं नातं किती सैल असतं, याचं उदाहरण याच सांगली जिल्ह्यात आहे. जत तालुक्यातल्या निगडीचे नवनाथ गोरे. शिवाजी विद्यापीठात मराठी शिकलेल्या या तरुणाच्या ‘फेसाटी’ या पहिल्याच कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठीचा हा देशपातळीवरचा सन्मान. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजवरचं तात्पुरतं शिकवणं थांबल्यावर त्यांना गावाकडे मजुरी करावी लागली. ती बातमी महाराष्ट्रभर गाजली, त्यानंतर मदतीचे हात पुढे आले.

ही गोष्ट घाबरवायला सांगितलेली नाही. अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकानेही घर चाललं नाही, तर आपल्या नव्या ब्लॉगवर घर चालवायचं ओझं टाकू नये, एवढंच. पण ‘फेसाटी’ लिहून झाली होती, ती कुणी काढून घेऊ शकलं नाही. अभ्यास, नोकरी, शेती यातलं जे चालू आहे ते चालू ठेवा आणि आठवड्यातले तीन-चार तास लिखाणाला ठरवून द्या.

पैशाशिवायही ब्लॉगचा उपयोग होतो. अनुवाद, आशयलेखन, पत्रकारिता, सोशल मीडियाची कामं अशा ठिकाणी ‘लिहिता येतं’ असं सांगण्यापेक्षा वीस लेखांची लिंक देणं वजनदार ठरतं. बायोडाटावर ती लिंक टाका. पहिलं पुस्तक तयार असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघा. ती पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठीच आहे.

ब्लॉग जपायचा कसा?

- बॅकअप : ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप’ आहे. दर तीन महिन्यांनी फाईल डाउनलोड करून मेलवर किंवा पेनड्राईव्हवर ठेवा. त्यात मजकूर येतो, फोटो येत नाहीत. फोटोंची वेगळी प्रत ठेवा.
- दुहेरी पडताळणी : जीमेलला टू-स्टेप चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. सिम बदललं की नवा नंबर लगेच खात्यात टाका.
- खातं जिवंत ठेवा : दोन वर्षं अजिबात न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. ब्लॉगसाठी वेगळं जीमेल काढलं असेल तर अधूनमधून लॉगिन करत जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टोपणनावाने लिहिलं तर चालतं का?
चालतं. पण पुढे पुस्तक, पुरस्कार किंवा नोकरीसाठी हे लिखाण दाखवायचं असेल तर खरं नाव सोयीचं. टोपणनाव घेतलंच तर सगळीकडे एकच ठेवा.

बोलीत लिहू की प्रमाण मराठीत?
गोष्ट सांगताना आणि संवादात आपली बोली बिनधास्त येऊ द्या. माहितीच्या लेखात प्रमाण मराठी ठेवली तर सर्चमध्ये सापडायला सोपं जातं.

एआयकडून लेख लिहून घेऊ का?
शुद्धलेखन तपासायला, मथळे सुचवायला वापरा. पण आडसालीच्या फडात काय वास येतो, हे त्याला तुमच्याकडूनच कळणार आहे. शिवाय त्याने दिलेली सालं आणि नावं तपासल्याशिवाय टाकू नका.

वाचकच नाहीत, मग लिहू कशाला?
पहिले सहा महिने आकडे बघूच नका. पंधरा दिवसांतून एक लेख, असे बारा लेख आधी पूर्ण करा. तोवर तुमचा विषय कोणता आणि कुठल्या लेखाला वाचक थांबतात, हे सर्च कन्सोल सांगायला लागलेलं असेल.

आजच करायचं काम छोटं आहे. स्वतःच्या जीमेलवर ब्लॉगचा पत्ता घेऊन ठेवा, डॉक्समध्ये दोन फोल्डर करा, एकाला ‘ब्लॉग’ आणि दुसऱ्याला ‘राखीव’ नाव द्या. आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही आजवर पाठवलेले मोठे मजकूर शोधून आधी तिथे आणून ठेवा. कदाचित तुमचे पहिले तीन-चार लेख तिथेच लिहून पडलेले असतील.